कुत्र्यांचा टोप

नरहरीच्या वाडीत उकडहंडीच्या जेवणाला सगळे नातलग जमत, आणि दरवर्षी एकच चूल मांडली जाई. यंदा दोन मांडल्या होत्या, आणि दुसरीवर कुत्र्यांचं जेवण शिजत होतं.

ही अक्कल नरहरीच्या बायकोची, सुलूचीच. "येतील सगळे तर बघू देत, आपली सून करते काय ते," असं म्हणून तिनं मेघालीला बोईसरहून तिच्या टोपासकट पालघरजवळच्या माहीमला बोलावून घेतलं होतं. नाहीतर नातलगांत एवढंच पसरलं होतं, की नीलेशची बायको एवढी शिकलेली, तारापूरच्या कंपनीत लॅबमध्ये होती, कंपनी बंद पडली तसं हिचं डोकं फिरलं, आता कुत्र्यामांजरांचा खाऊ करते आणि त्याचे फोटो मोबाइलवर टाकते. फोटो टाकत होती हे खरंच होतं. ते बघून ठाण्या-वसईची माणसं तो खाऊ मागवत होती, हेही खरं होतं. पण त्यात चघळण्यासारखं काही नाही, म्हणून ते कुणी पसरवत नव्हतं.

सुलूनं नोकरी गेल्यानंतरची मेघाली बघितली होती. भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस पडून असायची, दिलेला चहा तसाच निवून जायचा. मग कधीतरी शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याला विकतचं खाणं पचेना, म्हणून हिनं भोपळा, रताळी आणि भात एकत्र शिजवून, वर सुक्या बोंबलाची भुकटी घालून दिली. कुत्रं उठून उभं राहिलं, आणि सुलूच्या मते सूनही त्याच दिवशी उठून उभी राहिली. तेव्हापासून या धंद्याला कुणी हसलं की सुलूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

धंदा आता अडला होता तो जागेवर. शिजवलेलं ताटांतून पसरून, मशीनमध्ये वाळवून, त्याच्या वड्या पाडायच्या. आणि ते सगळं बोईसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात. बोंबलाचा वास जिन्याजिन्यानं खाली उतरायचा. सोसायटीनं सांगून टाकलं, महिनाअखेर हे बंद करा, नाहीतर घर खाली करा. नीलेश आता दहेजला जायची भाषा बोलू लागला होता. तिकडे गुजरातेत कंपन्या आहेत, दोघांनाही नोकरी लागेल, कशाला हा उपद्व्याप? मुलगा आणि सून दहेजला गेली की सणासुदीची पाहुणी होणार, हे सुलूला न सांगता कळत होतं.

एकच इलाज होता, वाडीच्या टोकाची पानखोली. पानवेली होत्या तेव्हा बायका तिथं पानांच्या चवडी लावत बसायच्या. वेली गेल्या, खोली रिकामी पडली. पण खोलीवर हक्क तिघांचा: नरहरीचा, त्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा मितेश याचा आणि थोरली बहीण मंदा हिचा. मितेशला तिथं शहरातल्या पाहुण्यांसाठी होमस्टे काढायचं होतं. भांडण नको म्हणून काका-पुतण्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की मंदाताई म्हणेल ते करायचं. आणि मंदाताई काय म्हणणार, ते आज उकडहंडीच्या जेवणानंतर कळायचं होतं.

मंदावन्सं तारापूरहून सकाळीच आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे त्या कुणाकडे बघतायत ते कुणालाच कळेना. आल्या त्या सरळ दुसऱ्या चुलीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय गं शिजते?"

"आत्या, हे कुत्र्यांचं," मेघाली ढवळता ढवळता म्हणाली. "वसईला एक बाई लोकांची कुत्री सांभाळायला ठेवतात. त्यांची ऑर्डर हाय. आज बोईसरला नेऊन वाळवायचं आणि उद्या पाठवायचं."

"अळणीच?"

"अळणीच. मीठ नाय, तिखट नाय, काय नाय."

"आजाऱ्याचं जेवण म्हण की," मंदावन्सं म्हणाल्या आणि खुर्ची ओढून तिथंच बसल्या. मेघालीनं पुढे काही सांगितलं नाही. गेल्या गणपतीत मंदावन्सं वाडीतल्या भुऱ्याला मोदक भरवत होत्या, तेव्हा "आत्या, कुत्र्याला गोड नका देऊ" एवढंच ती बोलली होती. "आमी काय कुत्रे पाळले नाय?" असं म्हणून मंदावन्सं न जेवता रिक्षात बसल्या, त्या आज येत होत्या. तेव्हापासून आत्यांशी बोलायचं म्हणजे मेघाली शब्द मोजूनच बोले.

दुपारपर्यंत हंडी भरून झाली. कोनफळ, वालाच्या शेंगा, छोटी वांगी, कच्ची केळी, वाटलेला हिरवा मसाला, सगळं थरावर थर. मग मुठीचा मान. सुलूच्या सासूनं घालून दिलेली ही चाल होती: हंडीचं तोंड बांधण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईनं आपल्या हातानं लसणीच्या पातीची एक मूठ त्यात टाकायची. रुसलेलीनंही टाकायची, भांडून आलेलीनंही टाकायची. एकदा मूठ पडली की मागाहून "मला कुणी विचारलं नाय" म्हणायची सोय उरत नसे. सासू मोठी धोरणी बाई होती.

सुलूनं मूठ टाकली. मितेशच्या बायकोनं, किंजलनं टाकली. मेघाली आपली टाकून वसईच्या बाईंना फोन लावायला रस्त्याकडे गेली, कारण वाडीत रेंज म्हणजे देवाची कृपा. सुलू हंडीच्या तोंडावर बांधायला केळीचं पान कापायला वळली. पान घेऊन परत वळते तो काय, काळा चष्मा लावलेल्या मंदावन्सं दुसऱ्या चुलीवर वाकल्यात, आणि त्यांच्या हातातली लसणीची पात कुत्र्यांच्या टोपात पडतेय. चांगली भरघोस मूठ. वर त्यांनी कलथा घेतला आणि सगळं नीट ढवळून टाकलं.

सुलूच्या हातातलं पान तसंच राहिलं. कांदा-लसूण कुत्र्यांना विष, हे मेघालीनं तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला ते आता झोपेतही आठवलं असतं. थोडा चुकून गेला तरी रक्त खराब होतं म्हणे, आणि कळतं ते दोन-चार दिवसांनी.

"वन्सं," सुलू म्हणाली.

"काय?"

"काय नाय. चहा टाकू?"

म्हातारीला दिसत नाही, चुकीच्या चुलीत मूठ पडली, हे तिला सगळ्यांसमोर कोण सांगणार? मोदकावरून जी बाई उपाशी निघून गेली, ती लसणीवरून थेट तारापूर गाठेल, आणि खोली जाईल मितेशच्या घशात. बरं, मेघालीला गुपचूप सांगावं, तर त्या मुलीच्या पोटात काही राहत नाही. ती तिथल्या तिथं टोप रिकामा करील आणि का केला ते सरळ सांगूनही टाकील. आणि गप्प बसावं, तर वसईची ती मुकी जनावरं.

सुलूनं नवऱ्याला चिकूच्या झाडामागं गाठलं आणि सगळं सांगितलं. नरहरीनं नीट ऐकून घेतलं. आयुष्यभर तो सगळ्यांचं नीटच ऐकून घेत आला होता.

"आज नको," तो म्हणाला. "आज ताईचा मूड बरा हाय. उद्या सांगू."

"उद्या? टोप वसईला गेल्यावर?"

"मग तू बघ काय ते. पण ताईला दुखवू नको."

"म्हणजे बघू मीच, आणि दुखवूही नको."

"तुला जमते ते," नरहरी म्हणाला आणि पंगतीसाठी केळीची पानं पुसायला निघून गेला. संकट आलं की या माणसाला कुठलं ना कुठलं काम आठवायचंच.

तिकडे मितेशनं आत्याच्या शेजारी खुर्ची टाकली होती. "आत्या, पानखोलीला कौलं नवी घालू, पुढं ओटा काढू. मुंबईची माणसं येतील, उकडहंडी खातील. तुमच्या नावाचा बोर्डच लावतो."

"माज्या नावाचा?"

"मंदाई होमस्टे."

"मी मेल्यावर लाव," मंदावन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून हो की नाही, काहीच कळेना. चष्म्यामुळे चेहराही कळेना.

मेघाली परत आली ती खुशीत. वसईच्या बाई दर पंधरवड्याला माल घेणार होत्या, माल एकदा कुत्र्यांना मानवला की. तिनं टोप चुलीवरून उतरवून जमिनीवर ठेवला आणि नीलेशला हाक मारली. "अहो, गाडी आत घ्या ना. वाटेत निवेल, आताच नेऊ बोईसरला. जेवायला परत येता येईल."

नीलेश चावी घेऊन उठला. आता काही वेळ उरला नव्हता. सुलूनं देवाचं नाव घेतलं, हातात परात घेतली, टोपाच्या बाजूनं निघाली आणि जाता जाता पदरात पाय अडकल्यासारखं करून टोपाला लाथ हाणली. टोप कसला हलतोय, चांगला पोटभर भरलेला. तिनं दुसरी हाणली. ही बसली. टोप आडवा झाला, भोपळ्या-भाताचा गरम लगदा जमिनीवर पसरला आणि निम्मा सुलूच्या उजव्या पावलावर आला.

"आई," मेघाली ओरडली. "अहो आई, काय केलंत हे?"

"पाय अडकला गं." सुलूच्या डोळ्यांत पाणी आलं ते भाजल्यामुळे, पण पाऊल तिनं साडीखाली ओढून घेतलं.

"सगळी ऑर्डर गेली." मेघाली खाली बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सुलूला वाटलं. ती नुसती त्या लगद्याकडे बघत राहिली, त्या भिंतीकडे बघायची तशी.

मितेशनं संधी कशाला सोडावी? "काकी, म्हणूनच मी म्हणत होतो. चुलीबिली, गरम टोप, हे धंदे वाडीत नकोत. उद्या कुणाला काही झालं म्हणजे?"

"तू जरा गप ऱ्हा," नीलेश म्हणाला.

"मी काय खोटं बोललो?"

एवढ्यात भुऱ्या आला. रोज एक शिळी भाकरी आणि माशाच्या काट्यांवर दिवस काढणारं ते कुत्रं. त्याच्यापुढे सणच सांडला होता. शेपटी हलवत त्यानं लगद्यात तोंड घातलं मात्र, सुलू भाजलेल्या पायानिशी त्याच्यावर झेपावली. मानेची कातडी दोन्ही हातांनी धरून तिनं त्याला मागं खेचलं.

"नको, नको रे. सोड. खाऊ नको."

भुऱ्या केकाटला. सगळे बघत राहिले. तिच्या हातून सुटलेली परात अजून जमिनीवर गोल फिरत होती.

"सुलू," खुर्चीतून मंदावन्संचा आवाज आला. "त्याचंच खाणं ना ते?"

"हो, वन्सं."

"मग त्याला का अडवतेस?"

"माती लागली हाय."

"कुत्रं माती लागलेलं खात नाय? कधीपास्नं?"

सुलूनं नरहरीकडे बघितलं. तो पानं पुसत होता. किंजलनं मितेशकडे बघितलं. मंदावन्संनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनवाला डोळा लाल होता, पण चांगला रोखलेला होता.

"माजी मूठ पडली म्हणून?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "वन्सं, तुमची काय चूक नाय," सुलू घाईघाईनं म्हणाली. "तुमाला दिसलं नाय. दोन चुली शेजारी शेजारी, वर हा चष्मा. कुणाचीही मूठ चुकली असती."

"चुकली नाय," मंदावन्सं म्हणाल्या. "मला चांगलं दिसते. हंडीत माजी मूठ पहिली पडली, तुमी पात निवडत होतात तेव्हा. ही दुसरी, मुद्दाम टाकलेली."

"मुद्दाम?" मितेश म्हणाला.

"तुला नाय विचारलं." मंदावन्सं मेघालीकडे वळल्या. "सकाळपास्नं बघते, तू टोपापाशी बसून एकटी ढवळतेस. सगळ्या बाया हंडीपाशी, तुज्या टोपाला कुणी हात लावत नाय. माज्या आईनं काय सांगितलेलं? ज्या चुलीला घरच्या बाईची मूठ नाय, ती चूल परक्याची. मी तारापूरला नवीन होते, तेव्हा माज्या सासूनं वर्सभर माज्या चुलीला हात लावला नाय, ते मी अजून इसरले नाय. तुला खोली द्यायची तर ती चूल आधी आपली करावी, म्हणून टाकली मूठ. यात काय वाईट केलं मी?"

खोली देणार, असं ती म्हातारी बोलून गेली होती, आणि ते ऐकूनही कुणाची हलायची हिंमत होईना. सुलूला ठाऊक होतं, आता मेघाली बोलणार होती आणि ती खरं तेच बोलणार होती.

मेघाली उठली. हात साडीला पुसत आत्यांच्या खुर्चीपाशी जाऊन तिथंच जमिनीवर बसली.

"आत्या, लसूण कुत्र्यांना चालत नाय. माणसाला औषध हाय, पण त्यांच्या अंगात विष होतं. मरतंही एखादं. मला म्हाईत असतं तुमी मूठ टाकलीय, तर मीच ओतून टाकलं असतं. रडत रडत ओतलं असतं, पण ओतलं असतं."

मंदावन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. नीलेशनं गाडीची चावी खिशात टाकली. रिक्षाला फोन करायची वेळ आलीच तर आपणच सोडून येऊ, असा हिशेब त्यानं मनात केला असावा.

"मग हे सकाळी का नाय सांगितलंस? मी विचारलं होतं तुला."

"गणपतीत मोदकाचं सांगितलं, तर तुमी न जेवता गेलात."

खरं बोलायचं म्हणजे किती बोलायचं, याला काही मर्यादा? सुलूनं डोळे मिटून घेतले. आणि मिटलेल्या डोळ्यांनी तिनं ऐकलं ते हसू. मंदावन्सं हसत होत्या. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून, मग डोळ्याला लावायचा रुमाल तोंडावर धरून.

"उपाशी गेले ते मलाच महागात पडलं गं," त्या म्हणाल्या. "रिक्षात बसले आणि मोदक आठवले. तारापूर येईपर्यंत नुसते मोदकच डोळ्यांपुढं."

नरहरी पहिला हसला. मग किंजल, मग नीलेश. मितेशसुद्धा हसला, नाइलाज म्हणून का होईना. देवा, वाचवलंस रे, असं सुलू मोठ्यानं बोलून गेली.

"आता बसून काय ऱ्हायलात?" मंदावन्संनी खुर्चीचे हात थोपटले. "वसईची बाई उद्याला थांबलीय ना? नरहरी, पोटमाळ्यावरचे भोपळे काढ खाली. किंजल, रताळी धू. हे सांडलेलं खड्डा करून पुरा, कुत्रं उकरणार नाय असं खोल. मितेश, खड्डा तू खण."

"मी?"

"तू. आणि तुज्या मुंबईच्या माणसांना ऱ्हायला तुजा पालघरचा फ्लॅट बरा हाय. पानखोली हिला दिली."

मितेशच्या मनातलं होमस्टे नवी कौलं, ओटा आणि बोर्डासकट मोडून पडत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो फावडं आणायला गेला. किंजल मात्र रताळी धुता धुता मेघालीच्या कानाशी पुटपुटली, "मला घेशील का गं मदतीला? ते फोटोबिटो मला चांगले जमतात." मेघालीनं मान हलवली. नवऱ्याला हे घरी गेल्यावर कसं सांगायचं, ते किंजलचं ती बघणार होती.

टोप पुन्हा चुलीवर चढला. या वेळी भोपळा सगळ्यांनी चिरला, आणि मेघाली प्रत्येकीचे हात धुऊन घेतल्याशिवाय तिला टोपाजवळ येऊ देईना. मंदावन्संनी दोनदा हात धुतले आणि वास घेऊन दाखवला. उकडहंडीचं तोंड सोडलं तेव्हा वाडीभर वास सुटला, पण जेवणाआधी आपला टोप बघून येते म्हणत मेघाली तीनदा उठली. ती उठली की सुलूला बरं वाटत होतं. भिंतीकडे बघणारी बाई अशी जेवणातून उठत नसते.

सुलू चुलीमागच्या पाटावर पाय लपवून बसली होती. पंगत उठली, बाकीचे पानखोली उघडून बघायला गेले, आणि मंदावन्सं कोरफडीचं एक पान घेऊन तिच्यापुढे येऊन बसल्या.

"पाय काढ बाहेर."

"काय नाय झालं, वन्सं."

"काढ म्हणते ना."

सुलूनं पाय काढला. पावलावर लाल चट्टा पडला होता, मधे फोड आला होता. मंदावन्संनी तो पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. सुलू दचकून मागं सरली. थोरल्या नणंदेच्या मांडीवर भावजयीचा पाय, असं या घरात कधी कुणी बघितलं नव्हतं. तिनं सणावाराला याच बाईच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"वन्सं, सोडा. पाप लागेल मला."

"हलू नको. गर सांडते." मंदावन्सं कोरफडीचा गर हळूहळू पसरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन लाथा हाणल्यास. मी बघितलं. पहिलीला हलला नाय."

सुलूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पाय भाजून घेतलास, पण मला एक शब्द सांगवला नाय तुला."

"भ्याले तुमाला."

"इतकी वर्सं?"

"लग्न होऊन आले तेव्हापास्नं."

मंदावन्संचा हात थांबला. पानखोलीकडून माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी खिडक्या उघडत होतं. मग हात पुन्हा फिरू लागला, आधीपेक्षा हलका.

"आणि आता?"

"आता पाय तुमच्या मांडीवर हाय, वन्सं," सुलू म्हणाली. "आता कसली भीती."

असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. मंदावन्संनी तिला रडू दिलं, आणि पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.